महाविद्यालयीन क्रीडासंघांसाठी ग्राफिक डिझाइन

महाविद्यालये आणि विद्यापीठे यांच्या क्रीडासंघांची बोधचिन्हे, गणवेश, मैदानावरील फलक, प्रमाणपत्रे, स्मरणिका आणि समाजमाध्यमांवरील चित्रे तयार करण्याचे काम ही ग्राफिक डिझाइनची एक उपशाखा आहे. अमेरिकेतील विद्यापीठांत हा स्वतंत्र आणि वेतनी व्यवसाय आहे. महाराष्ट्रात मात्र या नावाचे पद महाविद्यालयांत सहसा आढळत नाही. येथे हेच काम डीटीपी केंद्रे, क्रीडासाहित्याची दुकाने, जर्सी छापणारे कारखाने आणि मुक्तपणे काम करणारे कलाकार यांच्यात विभागलेले आहे. त्यामुळे त्याकडे एक व्यवसाय म्हणून पाहिले जात नाही. काम मात्र दरवर्षी प्रत्येक महाविद्यालयात निघते.

कामाचे स्वरूप

या क्षेत्रातील कामाचे दोन ढोबळ भाग पडतात. पहिला भाग दीर्घकाळ टिकणारा असतो. संघाचे बोधचिन्ह, रंगसंगती, अक्षरांचे वळण, गणवेशाचा नमुना आणि क्रीडासंकुलातील पाट्या त्यात येतात. दुसरा भाग हंगामाबरोबर वाहणारा असतो. सामन्यांचे वेळापत्रक, निकालाची चित्रे, विजेत्या खेळाडूंच्या अभिनंदनाचे फलक, निमंत्रणपत्रिका, सन्मानचिन्हांवरील मजकूर, वार्षिक अंकातील जिमखाना विभागाची पाने अशी कामे वर्षभर चालू राहतात. पहिल्या भागात विचाराला वेळ मिळतो, तर दुसऱ्यात वेगाला महत्त्व असते. सामना संध्याकाळी संपला तर निकालाचे चित्र त्याच रात्री लागते. दुसऱ्या दिवशी त्याचे मोल बरेच उतरलेले असते.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत या सर्व कामांची मागणी सामान्यतः शारीरिक शिक्षण संचालकांकडून येते. संघनिवड, प्रवासभत्ता, पंच आणि मैदान यांची व्यवस्था पाहणारी हीच व्यक्ती जर्सीचा रंगही ठरवते. परिणामी डिझायनरकडे येणारी सूचना बहुधा तोंडी असते आणि हातातील दिवस मोजके असतात.

अमेरिकेतील पार्श्वभूमी

महाविद्यालयीन संघांच्या दृश्य ओळखीचा इतिहास अमेरिकेत बराच जुना आहे. हार्वर्डच्या बेसबॉल संघाने १८६५ मध्ये सदऱ्यावर ‘एच’ हे अक्षर लावण्यास सुरुवात केली. तेथील महाविद्यालयीन अक्षर-बिल्ल्याची परंपरा तिथपासून मोजली जाते. मिशिगन विद्यापीठाचे पंखांच्या आकृतीचे शिरस्त्राण १९३८ पासून ओळखीचे आहे. १९८१ मध्ये विद्यापीठांच्या बोधचिन्हांचे परवाने सांभाळणारी ‘कॉलेजिएट लायसन्सिंग कंपनी’ स्थापन झाली. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉल सामन्यांच्या दूरचित्रवाणी हक्कांवरील एनसीएए या मध्यवर्ती संस्थेची पकड मोडीत काढली. त्यानंतर सामने मोठ्या प्रमाणावर पडद्यावर आले आणि पडद्यावर उठून दिसणारे चिन्ह ही विद्यापीठांची आर्थिक गरज बनली.

समाजमाध्यमांच्या काळात तेथील क्रीडाविभागांनी डिझायनर, छायाचित्रकार आणि चलत्‌चित्र-संपादक यांची पथके उभारली. शालेय खेळाडूला आपल्या विद्यापीठाकडे ओढण्यासाठी त्याला त्या संघाच्या गणवेशात दाखवणारी चित्रे तयार करणे हेही त्यांचे एक काम असते. १ जुलै २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना स्वतःचे नाव व प्रतिमा वापरून उत्पन्न मिळवण्याची मुभा मिळाली आणि खेळाडूच्या वैयक्तिक चिन्हांचे कामही त्यात जमा झाले. हे सारे तिकीटविक्री, प्रक्षेपण हक्क आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांवर उभे आहे. भारतीय महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात यांपैकी कोणताही स्रोत त्या प्रमाणात नसल्याने तेथील पदरचना येथे जशीच्या तशी उतरण्याची शक्यता कमी आहे.

महाराष्ट्रातील वाटचाल

महाराष्ट्रात संघटित क्रीडासंस्कृती जिमखाने आणि व्यायामशाळांतून घडली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम तयार केले. संघाची ओळख त्या काळी सदरा-चड्डीच्या रंगावरून आणि संस्थेच्या बिल्ल्यावरून होत असे. विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्या खेळाडूला ‘कलर होल्डर’ म्हणण्याची आणि त्याला विद्यापीठाचा कोट देण्याची प्रथा याच विचारातून आली. आजही अनेक घरांच्या बैठकीत तो कोट घातलेले छायाचित्र भिंतीवर असते. कोटाच्या खिशावरील भरतकामाचे चिन्ह हे या क्षेत्रातील कदाचित सर्वांत जास्त काळ जपले जाणारे डिझाइन आहे.

मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला. त्यातूनच १९६१ मध्ये सर ज. जी. उपयोजित कला संस्था स्वतंत्र झाली. येथून बाहेर पडलेल्या कलाकारांनी जाहिरात, प्रकाशन आणि नाट्यक्षेत्रातील मराठी अक्षरलेखनाला मोठी उंची दिली. महाविद्यालयीन खेळ मात्र त्यांच्या कक्षेबाहेरच राहिले. जिमखान्याचे फलक रंगवण्याचे काम गावातील पेंटरकडे असे. १९९० च्या दशकात डीटीपी आले, त्यानंतर फ्लेक्सची छपाई आली आणि पेंटरांचे बरेचसे काम संगणकाकडे गेले.

देशी खेळांना व्यावसायिक रूप मिळाल्यावर दृष्टी बदलू लागली. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि पुणेरी पलटण, यू मुंबा यांसारख्या संघांची चिन्हे व गणवेश घरोघरी पोहोचले. २०२२ मध्ये अल्टिमेट खो खो ही स्पर्धा पुण्यात खेळवली गेली. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले. या स्पर्धांतील गणवेश पाहिलेल्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयाची एकरंगी, छातीवर दाटीवाटीने नाव छापलेली जर्सी पुरेनाशी झाली. विद्यापीठ पातळीवर भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा, राज्याचा ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव आणि २०२० पासूनच्या खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा ही अशा गणवेशांच्या मागणीची मुख्य निमित्ते आहेत.

ढोकी परिसर आणि तीन विद्यापीठे

ढोकी हे धाराशिव तालुक्यातील गाव कुर्डुवाडी–लातूर लोहमार्गावर असून तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्यामुळे ते जिल्ह्याबाहेरही परिचित आहे. या परिसरातील विद्यार्थी पदवी शिक्षणासाठी धाराशिव, लातूर किंवा बार्शीकडे जातो. ही तीन शहरे एकमेकांपासून फार दूर नाहीत, पण तीन वेगवेगळ्या विद्यापीठांच्या कार्यक्षेत्रात येतात. धाराशिव हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या, लातूर हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या, तर बार्शी हे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहे. एकाच गल्लीत वाढलेले दोन खेळाडू त्यामुळे आंतरविद्यापीठ स्पर्धेत दोन निराळ्या रंगांत समोरासमोर उभे राहू शकतात. या भागात बसून काम करणाऱ्या डिझायनरला तीन विद्यापीठांची चिन्हे, नावांची अधिकृत रूपे आणि हंगामाची वेळापत्रके माहीत असावी लागतात.

धाराशिव जिल्हा खो-खोसाठी ओळखला जातो. येथील सारिका काळे ही २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती. तिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. अशा जिल्ह्यात खो-खोच्या गणवेशाचा विचार शहरातील एखाद्या कंपनीने क्रिकेटच्या साच्यावरून करण्यापेक्षा खेळ जवळून पाहणाऱ्याने करणे अधिक सयुक्तिक ठरते.

२०२३ मध्ये उस्मानाबादचे नाव धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. नामांतराचा परिणाम क्रीडासंघांच्या साहित्यावरही होतो. जर्सी, बॅनर, लेटरहेड आणि प्रमाणपत्रांचे साचे यांत गावाचे नाव असते. त्यामुळे जुने साहित्य बाद करायचे की संपेपर्यंत वापरायचे, हा निर्णय घ्यावा लागतो. एकाच संघातील काही खेळाडूंच्या पाठीवर जुने आणि काहींच्या पाठीवर नवे नाव राहिले, तर छायाचित्रात ते लगेच जाणवते.

लांब नावे आणि देवनागरी

महाराष्ट्रातील डिझायनरपुढची सर्वांत चिवट अडचण म्हणजे संस्थांची लांब नावे. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली आणि १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार झाला. नामविस्तारामागे दीर्घ सामाजिक लढा आहे. त्यामुळे नावातील एखादा भाग केवळ जागा नाही म्हणून गाळणे हा साधा तांत्रिक निर्णय राहत नाही. हीच बाब कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ किंवा पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ यांनाही लागू पडते. खेळाडूच्या छातीवरील उपयोगी रुंदी साधारण वीतभर असते. त्यात सहा-सात शब्दांचे नाव एका ओळीत बसवले तर ते पाच पावलांवरूनही वाचता येत नाही.

रोमन लिपीत आद्याक्षरे घेऊन ही अडचण सोडवली जाते. विद्यार्थ्यांच्या बोलण्यातील ‘बामू’ हे रूपही इंग्रजी आद्याक्षरांतून आलेले आहे. देवनागरीत आद्याक्षरे घेतली की स्वरचिन्हे आणि पूर्णविराम यांची गर्दी होते आणि शब्दाचा नाद हरवतो. उपलब्ध मार्गांपैकी सर्वांत समाधानकारक मार्ग म्हणजे नावाची उतरंड लावणे. छातीवर विद्यापीठाच्या नावातील ओळखीचा भाग मोठ्या अक्षरांत, त्याखाली उरलेले नाव लहान अक्षरांत आणि पाठीवर क्रमांकाच्या वर गावाचे नाव, अशी मांडणी वाचनीय राहते. महनीय व्यक्तीचे नाव मात्र तोडून दोन ओळींत टाकणे टाळले जाते. ‘डॉ. बाबासाहेब’ एका ओळीत आणि ‘आंबेडकर’ दुसऱ्या ओळीत अशी विभागणी डोळ्याला खटकते आणि त्यावर आक्षेपही येतो.

देवनागरी अक्षराला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांसाठी, तर खाली उकारासाठी जागा लागते. म्हणून तेवढ्याच उंचीत रोमन अक्षर जितके ठसठशीत दिसते तितके देवनागरी दिसत नाही. क्रीडासाहित्यासाठी अरुंद आणि जाड वळणाचे फाँट सोयीचे पडतात. इंडियन टाइप फाउंड्रीचे तेको, खंड आणि राजधानी किंवा मुंबईच्या एक टाइपचे मुक्त व बलू हे फाँट मुक्त परवान्याखाली मोफत मिळतात. मराठी वाचकाला ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे अपेक्षित असतात. काही फाँटांत मूळ रूप हिंदी वळणाचे असते आणि मराठी रूप वेगळे निवडावे लागते. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांतील अर्ध्या र-काराचीही अशीच तपासणी करावी लागते, कारण आडनावांत ही अक्षरे वारंवार येतात. ‘गोऱ्हे’ हे नाव पाठीवर ‘गोर्हे’ असे छापून आले, तर दोष खेळाडूच्या पदरी वर्षभर राहतो.

यात जुन्या आणि नव्या संकेतप्रणालींचा घोळ भर घालतो. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये नेताना अक्षरे फुटतात. छपाई केंद्रात मूळ फाँट नसेल तर संपूर्ण नावच बदलून जाते. त्यामुळे फाइल पाठवण्याआधी अक्षरे ‘कर्व्ह’ करणे, म्हणजे त्यांचे मजकूरपण काढून त्यांना आकृतीचे रूप देणे, हा या धंद्यातील पहिला धडा समजला जातो. तसे केल्यावर चूक दुरुस्त करणे अवघड होते. म्हणून खेळाडूंच्या नावांची यादी त्यांच्याच सहीने तपासून घेणे आणि मगच अक्षरे गोठवणे, हा क्रम पाळणारे डिझायनर कमी वेळा अडचणीत येतात.

खेळानुसार गणवेश

प्रत्येक खेळ गणवेशाकडून निराळी अपेक्षा करतो. खो-खोमध्ये आठ आक्रमक खेळाडू चौकोनांत बसतात आणि लागोपाठचे खेळाडू विरुद्ध बाजूंना तोंड करून असतात. गुणलेखकाला कोणत्या आक्रमकाने कोणत्या संरक्षकाला बाद केले, हे नोंदवायचे असते. बसलेल्या खेळाडूच्या छातीवरील क्रमांक गुडघ्यांआड जातो. त्यामुळे पाठीवरचा क्रमांक मोठा आणि खांद्यांच्या बाजूस थोडा वर असणे सोयीचे ठरते. मातीच्या मैदानावर पांढरा किंवा फिकट रंग पहिल्याच सूर मारण्यात काळवंडतो. तांबूस मातीशी मिसळणारा विटकरी रंगही क्रमांक झाकून टाकतो.

कबड्डीत पकडीच्या वेळी कापड ओढले जाते. शिवून किंवा चिकटवून लावलेले क्रमांक उसवतात, तर कापडातच मुरलेली छपाई टिकते. व्हॉलीबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार छातीवरील क्रमांक किमान १५ सेंटिमीटर आणि पाठीवरील किमान २० सेंटिमीटर उंच असावा लागतो. अंकाच्या रेषेची जाडी किमान २ सेंटिमीटर असावी लागते आणि अंकाचा रंग जर्सीच्या रंगाहून स्पष्ट वेगळा हवा. शोभेसाठी अंकांत नक्षी भरण्याचा मोह या नियमाने आपोआप आवरला जातो. महिला संघांसाठी पुरुषांच्याच मापाच्या जर्सी लहान करून देण्याची पद्धत अजून आढळते. खांदे आणि बाह्यांचे माप वेगळे घेतल्यास छातीवरील नावाची जागाही बदलते, हे डिझायनरने शिवणाऱ्याला आधीच सांगावे लागते.

छपाई

सध्याच्या बहुतेक संघ-जर्सी पॉलिस्टरच्या कापडावर सब्लिमेशन पद्धतीने छापल्या जातात. चित्र आधी खास कागदावर उलटे छापले जाते आणि नंतर सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानाला दाब देऊन रंग कापडात उतरवला जातो. रंग धाग्यात शिरत असल्याने तो धुण्याने सहसा जात नाही. सुती कापडावर ही पद्धत चालत नाही. पडद्यावर दिसणारा भगवा किंवा निळा कापडावर थोडा वेगळा उतरतो, म्हणून हातभर तुकड्यावर नमुना छापून पाहणे शहाणपणाचे असते. कापडासाठी तिरुप्पूर आणि लुधियाना, तर क्रीडासाहित्यासाठी जालंधर व मेरठ ही मोठी केंद्रे आहेत. धाराशिवच्या शेजारचे सोलापूर गणवेशनिर्मितीसाठी प्रसिद्ध असल्याने या भागातील कामाला ते जवळचे पडते. फ्लेक्सचा हिशेब चौरस फुटावर होतो आणि डिझाइनचा मोबदला बहुधा त्यातच धरला जातो. डिझाइन ‘फुकट’ मिळते अशी समजूत रूढ होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

प्रमाणपत्रे

या शाखेतील सर्वांत कमी देखणे पण सर्वांत जबाबदारीचे काम प्रमाणपत्रांचे आहे. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी होते. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आल्यानंतर ही पडताळणी अधिक काटेकोर झाली. स्पर्धेचे नेमके नाव, आयोजक संस्था, दिनांक, खेळप्रकार, वयोगट आणि मिळालेले स्थान यांपैकी एखादी गोष्ट चुकली किंवा साच्यात तिला जागाच ठेवली नाही, तर काही वर्षांनी नोकरीच्या दारात उभ्या असलेल्या खेळाडूला त्याची किंमत मोजावी लागू शकते. अनुक्रमांक, सहीसाठी पुरेशी मोकळी जागा आणि शिक्का उमटल्यावरही वाचता येणारा मजकूर या गोष्टी सोनेरी किनारीपेक्षा महत्त्वाच्या आहेत.

शिक्षण

या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम महाराष्ट्रात प्रचलित नाही. मुख्य मार्ग उपयोजित कलेचा आहे. शालेय वयात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा देता येतात. बारावीनंतर राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा देऊन चार वर्षांच्या दृश्यकला पदवीला प्रवेश मिळतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कला महाविद्यालये आहेत. यांतील शेवटचे ठिकाण धाराशिवच्या विद्यार्थ्याला त्यातल्या त्यात जवळ आहे. डिझाइनच्या राष्ट्रीय संस्थांमध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि मुंबईच्या आयआयटीतील १९६९ मध्ये सुरू झालेले औद्योगिक डिझाइन केंद्र ही प्रमुख आहेत. ‘मंगल’ या फाँटचे रचनाकार र. कृ. जोशी यांनी या केंद्रात आणि ज. जी. उपयोजित कला संस्थेत अध्यापन केले होते.

प्रत्यक्षात या कामातील अनेकजण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील डीटीपी अभ्यासक्रम, एमएस-सीआयटीनंतरचे खासगी वर्ग किंवा दुकानातील उमेदवारी यांतून तयार होतात. कोरलड्रॉ या संगणकप्रणालीवर त्यांचा हात वेगाने चालतो. त्यांच्या प्रशिक्षणात उणीव राहते ती चित्रकलेच्या पायाची आणि अक्षरकलेच्या अभ्यासाची. पदवीधर विद्यार्थ्यांची उणीव बरोबर उलट असते. त्यांना कापड, शाई आणि छपाईयंत्र यांचा सहवास कमी मिळालेला असतो.

रोजगार व मोबदला

केवळ महाविद्यालयीन संघांच्या कामावर वर्षभराचा चरितार्थ चालवणे ग्रामीण महाराष्ट्रात कठीण आहे. जिमखाना निधी मर्यादित असतो, देयके आर्थिक वर्षाच्या शेवटी निघतात आणि काम प्रामुख्याने पावसाळ्यानंतरच्या स्पर्धाहंगामात एकवटते. त्यामुळे ढोकीच्या आकाराच्या गावात हे काम लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, जयंती-उत्सवांचे फलक आणि गणेशोत्सवातील कब्बडी स्पर्धांच्या जाहिराती यांच्या जोडीनेच केले जाते. एकदा जर्सीचा नमुना पसंत पडला की त्याच विद्यापीठाच्या कक्षेतील इतर महाविद्यालयांकडून विचारणा येते, हा या धंद्याचा विस्ताराचा नेहमीचा मार्ग आहे.

पुणे-मुंबईतील खासगी विद्यापीठे, लीगमधील संघ, क्रीडावस्त्रांच्या कंपन्या आणि क्रीडाविषयक वृत्तसंकेतस्थळे येथे पगारी नोकऱ्या मिळतात. अशा ठिकाणी पदवीपेक्षा कामांचा संग्रह पाहिला जातो. एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयासाठी केलेले संपूर्ण काम, म्हणजे बोधचिन्ह, जर्सी, फलक आणि हंगामभराची चित्रे एकत्र मांडली, तर ती सुट्या सुंदर चित्रांपेक्षा अधिक परिणामकारक ठरतात.

हक्क आणि करार

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार कलाकृतीचा पहिला मालक सामान्यतः तिचा कर्ता असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेले काम मालकाचे ठरते. पैसे देऊन करवून घेतलेली छायाचित्रे, व्यक्तिचित्रे आदी काही प्रकारांना कायद्यात अपवाद आहे. बोधचिन्ह सहसा त्या यादीत मोडत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर कलम १९ नुसार ते हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे आणि क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. कलम ५७ कर्त्याला त्याच्या कामाचे श्रेय मागण्याचा हक्क देते. मालकी दुसऱ्याकडे गेली तरी तो उरतो.

तोंडी सांगण्यावर चालणाऱ्या कामात यांपैकी काहीच लिहून ठेवले जात नाही. त्याचा तोटा दोन्ही बाजूंना होतो. डिझायनरचे चिन्ह श्रेयाविना आणि मोबदल्याविना इतरत्र वापरले जाते. महाविद्यालयाला पुढे ते चिन्ह ट्रेड मार्क कायदा, १९९९ खाली नोंदवायचे झाल्यास मालकीचा कागद सापडत नाही. इंटरनेटवरून उचललेले वाघ, गरुड किंवा घोड्याचे परदेशी चिन्ह रंग बदलून वापरण्याची सवयही धोक्याची आहे, कारण ते बहुधा एखाद्या परदेशी संघाचे नोंदणीकृत चिन्ह असते आणि संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या प्रक्षेपणात दिसला की ते सहज ओळखले जाते. एका पानाचे साधे मराठी पत्र पुरते: काम कोणते, मोबदला किती, हक्क कोणाकडे, दुरुस्त्या किती वेळा, मूळ फाइल द्यायची की नाही, आणि श्रेय कुठे छापायचे.